आठ सेकंदांची शीळ

"झालं, आता हा रडायला लागणार," शेजारची बाई म्हणाली. "कमी कर गं जरा. शीळ तेवढी गोड आहे, पुढे नुसतं दळण."

बोलणारीचं कोपर तिच्या कोपराला लागत होतं, पण दिसत नव्हतं कोणीच. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालून तिला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं, अर्धा तास डोळे उघडायचे नाहीत म्हणून. आजूबाजूला तशीच डोळे मिटलेली माणसं असणार, ओळीने, सामुदायिक प्रार्थनेला बसल्यासारखी. काउंटरवरच्या मुलीने रेडिओ इतका कमी केला की त्यातला माणूस भिंतीपलीकडच्या घरात गातोय असं वाटावं. "रोज लावतात हो हे," मुलगी म्हणाली, "पण शीळ आली की मीसुद्धा हातातलं काम थांबवते." दोघी हसल्या. तिसऱ्या कोणीतरी, बहुधा म्हाताऱ्या माणसाने, ती शीळ पुन्हा तोंडाने घालून पाहिली आणि दातांच्या फटीतून नुसती हवा गेली, त्यावर सगळा बाक हसला.

गाणं तिच्या नवऱ्याचं होतं.

तिला राग यायला हवा होता. बायको म्हणून तेवढा तरी यायलाच हवा. राग येतोय का, म्हणून ती मिटल्या डोळ्यांनी वाट बघत बसली, जशी माणसं शिंकेची वाट बघतात, तोंड अर्धवट उघडं ठेवून. आला नाही. उलट आवाज कमी झाला तेव्हा मानेतली एक शीर सैल पडल्यासारखं वाटलं, आणि ते वाटलं हे लक्षात येताच तिने मान पुन्हा ताठ केली. बाई म्हणाली, "तुम्हाला नाही ना आवडत? की उगाच माझ्यामुळे कमी केलं?" ती म्हणाली, "नाही, असू दे." तीन शब्दांत अठ्ठावीस वर्षांचा संसार मोडीत निघतो की काय असं तिला वाटलं. मग नर्सने हाक मारली, म्हणून ते वाटणं तिथेच बाकावर राहिलं.

तपासून बाहेर आली तर ऊन अंगावर भांडी फेकल्यासारखं आदळलं. डॉक्टरांनी कागदी काड्यांचा काळा चष्मा दिला होता, तो लावून ती टॅक्सीत बसली. पाट्या वाचता येत नव्हत्या, हातातलं घड्याळ दिसत नव्हतं, स्वतःच्या तळहाताच्या रेषासुद्धा पुसल्या गेल्या होत्या. लांबचं मात्र दिसत होतं, एका गच्चीवरची पाण्याची टाकी, तिच्यावर बसलेला कावळा. जवळचं धूसर आणि लांबचं स्वच्छ, हे तसं तिला नवीन नव्हतं. आज सुट्टी घ्यायला हवी होती. पण आज गाण्यांचा निकाल होता.

रेडिओच्या त्या चारमजली इमारतीत ती एकतीस वर्षं नोकरीला होती, आणि आता गाण्यांच्या याद्या करत होती. एकाच इमारतीतून तीन वाहिन्या चालत. एक ताज्या गाण्यांची, एक दुपारच्या, घरात एकट्या असणाऱ्या माणसांची, आणि एक जुन्यांची, जिला सगळे खाजगीत 'वृद्धाश्रम' म्हणत. कोणतं गाणं किती वाजता, कशाच्या मागे, कशाच्या पुढे, हे ती ठरवायची. दोन रडकी गाणी लागोपाठ नकोत. एकाच गायकाची दोन गाणी एका तासात नकोत. तिच्या नवऱ्याच्या बाबतीत हा नियम कधी आड आला नाही. एकुलत्या एका गाण्याच्या गायकाचं हे एक बरं असतं, त्याची स्वतःशी कधी टक्कर होत नाही.

बाहेरच्या लोकांना वाटतं, लोकप्रिय गाणं आपोआप टिकतं. आपोआप भिंतीवर शेवाळसुद्धा टिकत नाही, त्यालाही गळका पाइप लागतो. ताजं गाणं दर अडीच तासांनी वाजतं, मग चार तासांनी, मग दिवसातून एकदा, आणि चौदाव्या-पंधराव्या आठवड्यात बहुतेक गाणी झोपवतात. हा त्यांच्याकडचा शब्द. "ते झोपवलं का?" "कालच झोपवलं." जे गाणं झोपायच्या आत दुसऱ्या वाहिनीने उचललं, ते वाचलं. ते उचलायचं की नाही हे फोनवर ठरतं. तिसऱ्या मजल्यावर फोनवाल्या मुली बसतात, त्या लोकांना गाण्याचा आठ सेकंदांचा तुकडा ऐकवतात आणि तीन प्रश्न विचारतात. ओळखलंत का? आवडतं का? कंटाळा आलाय का? शंभरातल्या तीसजणांना कंटाळा आला की गाणं गेलं. प्रेमापेक्षा कंटाळ्याला जास्त किंमत, हे तिला ही तपासणी सुरू झाल्यावर दोन वर्षांत कळलं. गाणं आवडतं म्हणून टिकत नाही, उठून बंद करण्याइतकं ते कोणाला नकोसं होत नाही म्हणून टिकतं. पहिल्यांदा हे सुचलं तेव्हा ती घरी सांगायला उत्सुक होती. घरी पोचेपर्यंत, सांगायचं ते नवऱ्याला हे आठवलं, आणि ती थेट स्वयंपाकाला लागली.

ती चोवीस वर्षांची होती, तबकड्यांच्या खोलीत कारकून, तेव्हा ते गाणं पहिल्यांदा ऐकलं. खरं तर गाणं नाही, ती शीळ. समोरच्या शिंप्याच्या दुकानात रेडिओ होता, ती रस्ता ओलांडायला थांबली होती, आणि कोणीतरी असं शीळ घालत आलं की जसं घरी कोणी वाट बघत नाहीये हे त्याला माहीत आहे आणि त्याचं त्याला काही वाटत नाहीये. ती तशीच उभी राहिली. मागून माणसं ढकलून गेली. आठ महिन्यांनी तो मुलाखतीला इमारतीत आला, इस्त्रीचा शर्ट, घामेजलेला, फार सभ्य, आणि तिने त्याला पाणी नेऊन दिलं. पुढचं सगळं त्या पाण्यासारखं सरळ उताराने गेलं. लग्नानंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिने सांगितलं, घाला ना तशी शीळ, फक्त माझ्यासाठी. तो लाजून हसला. "मला कुठे येते शीळ? ती आमच्या ध्वनिमुद्रकाची. माइक चालू आहे का बघत होता तो, सहज. संगीतकार म्हणाले, राहू दे तशीच." मग त्याने तिच्यासाठी दोन्ही अंतरे गाऊन दाखवले, मांडीवर ताल धरून, शेवटपर्यंत. तिने पापण्या मिटून ऐकले. नवऱ्याला वाटलं, तल्लीन झाली. त्या ध्वनिमुद्रकाबद्दल तिने पुन्हा कधी विचारलं नाही, आणि तो माणूस पुढे कुठे गेला हे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याचं नाव तबकडीवर नव्हतंच, सतारवाल्याचं, तबलेवाल्याचं, सगळ्यांचं होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी फोनची तपासणी सुरू झाली तेव्हा तुकडे कापायचं काम तिच्याकडे आलं. नियम साधा होता. तुकड्यात मुखडा हवा, गायकाचा आवाज हवा. एका आठवड्यात तिने चारशे गाणी कापली, आणि नवऱ्याचं गाणं कापताना शीळ सुरू झाली तिथे पहिली खूण केली, शीळ संपली तिथे दुसरी. मुद्दाम नाही. तिच्या मनात ते गाणं तिथे सुरू होऊन तिथेच संपत होतं. निकाल आला तो असा की वरचे लोक खाली बघायला आले. शंभरात एक्याण्णव जणांना आवडलं, कंटाळा फक्त चौघांना. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की तुकड्यात नवरा नाहीच. चूक सुधारावी म्हणून तिने नवा तुकडा कापला, मुखड्याचा, नियमाप्रमाणे, आणि एका फोनवालीला सांगून गुपचूप वीसजणांना ऐकवला. सातजण म्हणाले, आवडतं. नऊजण म्हणाले, कंटाळा. एका बाईने विचारलं होतं, हे कोणाचं? म्हणजे ओळखलंसुद्धा नाही. तो कागद तिने चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला, आठवडाभर वागवला, आणि एके दिवशी ऑफिसच्या संडासात फाडून टाकला. चुकीचा तुकडा परत जागेवर गेला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि ते गाणं काय टिकलं म्हणता! ताज्यांच्या वाहिनीवरून दुपारच्या वाहिनीवर आलं, तिथून सहा वर्षांनी जुन्यांत गेलं, आणि जुन्यांत गेलेलं गाणं परत येत नाही म्हणतात, हे आलं. ढोल लावून कोणीतरी नवं केलं आणि ताज्यांनी पुन्हा उचललं. वाहतुकीच्या बातम्यांच्या मागेसुद्धा काही महिने वाजलं. पण दर मुक्कामाला काहीतरी उतरवून घेतलं गेलं, नव्या सुनेचा एकेक दागिना सासरी कपाटात जावा तसं. मूळ गाणं चार मिनिटं चाळीस सेकंदांचं. दुपारच्या वाहिनीने दुसरा अंतरा काढला. जुन्यांनी पहिला अर्धा केला. ढोलवाल्यात शीळ अकरा वेळा होती आणि नवऱ्याची ओळ एकदा. कापायला तीच बसायची, कानाला हेडफोन लावून, जोड कळू नये म्हणून श्वासाशी श्वास जुळवत. गाणं जितकं जगत गेलं तितका त्यातला नवरा कमी होत गेला, आणि शीळ, कानामागून आलेली, तिखट झाली. घरी तो म्हणायचा, "आज जरा आखूड वाटलं गं." ती म्हणायची, "जाहिराती फार झाल्यात हल्ली."

कारण घरात सगळ्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. त्याला संधी मिळाली नाही. भावोजी दर खेपेला जेवून हात धुताना म्हणायचे, "दादाचं नशीब आडवं आलं, नाहीतर आज कुठे असता." सासूबाई जाईपर्यंत म्हणत होत्या. त्याने दुसरी गाणी म्हटली होती, चौदा, ती पहिल्या महिन्यातच झोपली, पण ती मोजायची नाहीत असं कोणी न सांगताच ठरलं होतं. मुलगी तिसरीत असताना शाळेत त्याला बोलावलं. पेटीवाल्याने शीळ वाजवली तेव्हा सगळ्या पोरांनी मिळून ती उचलली, छप्पर उडेल अशी. मग तो गायला लागला आणि पोरं आपापसात बोलायला लागली, वाईट नाही, नुसती बोलायला लागली. बाई टेबलावर पट्टी आपटत होत्या. येताना बसमध्ये मुलगी दोघांच्या मध्ये बसली होती, बापाचं बोट धरून, आणि रस्ताभर दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होती. एकही पाटी सोडली नाही. आठ वर्षांच्या पोरीला कळलं होतं की मध्ये गप्प बसायला जागा ठेवायची नाही.

"बाई, डोळ्यांना काय झालं?" ती ऑफिसात पोचली तेव्हा नवे साहेब म्हणाले. त्यांना सगळे फूटपट्टी म्हणत. मुलीच्या वयाचा माणूस, टेबलावर कागद कडेला कड लावून ठेवणारा. महिन्याभरापूर्वी आल्या आल्या त्याने सगळे तुकडे नियमाला लावून तपासले होते, एकोणीस वर्षांत कोणी केलं नव्हतं ते, आणि तीसएक गाण्यांचे तुकडे नव्याने कापायला लावले होते. त्यांत हे एक.

"थेंब घातलेत. जवळचं दिसत नाही संध्याकाळपर्यंत."

"मग मी वाचून दाखवतो." त्याने वाचायला सुरुवात केली. पाढे म्हणावेत तसा वाचत होता, गाण्याचं नाव, ओळख, आवड, कंटाळा. त्याच्या चेहऱ्याच्या जागी एक फिकट गोळा होता. तिने आयुष्यभर हे आकडे डोळ्यांनी वाचले होते, आणि डोळ्यांनी वाचताना माणूस हवं तिथे थांबू शकतो, कानांना ती सोय नाही. सतरावं. अठरावं. एकोणिसावं नवऱ्याचं. "ओळख छत्तीस. आवड एकतीस. कंटाळा अठ्ठेचाळीस." तो थांबला. ते गाणं कोणाचं आहे हे इमारतीत शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. त्यालाही असणार, कारण पुढचं वाक्य बोलायला त्याने कागद सरळ केला, जो आधीच सरळ होता. "जुना तुकडा चुकला होता, बाई. चूक कोणाचीही होऊ शकते."

"माझीच होती."

"हो ना. म्हणजे... तसं नाही. तिन्हीकडून झोपवावं लागेल. आज दुपारपासूनच काढलंय मी." मग त्याचा आवाज एकदम उजळला, वाईट बातमीनंतर चांगली द्यायची असं कुठल्यातरी वर्गात शिकवल्यासारखा. "पण शीळ मस्त आहे! ती आपण ठेवतोय. वाहिनीची खूण म्हणून, दर तासाच्या बातम्यांआधी. तीन सेकंद. तुम्हीच कापाल ना? तुमच्यासारखं कापणारं नाही कोणी."

"कापते," ती म्हणाली, आणि दिसत नसताना कापली. त्या कामाला डोळे लागतच नव्हते. आठातले कोणते तीन, एवढाच प्रश्न होता. ती शेवटचे तीन घेऊन बसली, जिथे शीळ वर जाऊन न परतता थांबते आणि त्याच्या लगेच पुढे नवऱ्याचा श्वास ऐकू येतो, गायला सुरुवात करायच्या आधीचा, खोल, भाबडा. पाण्यात उडी मारणारं पोर नाक दाबतं तसा. तो श्वास तिने कापला. पुन्हा ऐकलं. आता शीळ कोणाचीही वाट बघत नव्हती. इतकं स्वच्छ काम तिच्या हातून कधी झालं नव्हतं, आणि तिला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून तिला स्वतःची किळस आली, आणि ती किळसही ओळखीचीच होती. घरातल्या एखाद्या जुन्या खुर्चीसारखी, बसल्याबरोबर अंगाला बसणारी.

घरी आली तर तो इस्त्री करत होता. उद्या एका शाळेत गाण्याच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून जायचं होतं. वर्षातून पाच-सहा अशी बोलावणी यायची. "रेडिओवर रोज ऐकतो आम्ही तुम्हाला" असं म्हणत माणसं यायची, शाल द्यायची, दोन ओळी म्हणा म्हणायची. उद्याही म्हणायला लावतील. ओल्या कापडाचा गरम वास खोलीभर होता. त्याच्या पाठीचा आकार तिला दिसत होता, सदऱ्यावरची रेघ दिसत नव्हती. इस्त्री तो फार सुंदर करायचा. बाह्यांच्या घड्यांना इतकी माया लावणारा माणूस तिने दुसरा पाहिला नव्हता, आणि या माणसाशी आपण एका तुकड्याच्या भरवशावर लग्न केलं हे आठवून तिला त्याच्यासाठीच रडावंसं वाटलं.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"नंबर वाढलाय."

"आज तीनला लागलं नाही," तो म्हणाला. "साडेचारलाही नाही. म्हटलं, मशीनच बिघडलं की काय."

"नवे साहेब आलेत ना, सगळ्या याद्या उलट्यापालट्या चालल्यात. आमचं डोकं फिरायची वेळ आलीय. थोडे दिवस असंच."

"थोडे म्हणजे?"

"महिनाभर. मग लावतील परत."

"कुठे, दुपारच्यावर?"

"तिन्हीकडे," ती म्हणाली. खोटं बोलायचं तर भरल्या हाताने बोलावं.

तो कॉलरवरून इस्त्री फिरवत राहिला. टोकाकडून मध्याकडे, मग दुसऱ्या टोकाकडून मध्याकडे. "तुझ्या भावोजींना फोन करून सांग, महिनाभर लागणार नाही म्हणून. नाहीतर तो त्या साहेबाशी भांडायला यायचा." ती म्हणाली, "सांगते." तो म्हणाला, "नशीब आडवं आलं म्हणेल." आणि हसला. त्या हसण्यात काहीतरी होतं. त्याचा चेहरा बघायला म्हणून ती दोन पावलं जवळ गेली, पण जवळ गेल्यावर तर तो आणखीच पुसट झाला.

"शीळ ठेवली असेल ना?" त्याने विचारलं.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगतंय कोण? साधी गोष्ट आहे. मी असतो तर मीही ठेवली असती." त्याने इस्त्री उभी केली, बटण बंद केलं, वायर गुंडाळायला घेतली. "चांगली आहे गं ती. फार चांगली. त्या दिवशी स्टुडिओत ती ऐकली. म्हटलं, हिच्यानंतर मी आता काय गाणार?"

"अहो, काहीतरीच काय! लोक तुमच्या आवाजासाठीच—"

"अगं, असू दे." तो अजिबात चिडला नव्हता. तिला वाटलं, हा चिडला असता तर बरं झालं असतं, निदान तिला भांडता आलं असतं. "लोकांचं काय घेऊन बसलीस. लोक बिचारे शीळ संपली की आपल्या कामाला लागतात. बसमध्ये, दुकानात, आपल्या पोरीच्या शाळेत, सगळीकडे बघितलंय मी. त्यांचं मला काही नाही. पण तूसुद्धा स्वयंपाकघरात शीळ होईपर्यंत उभी राहतेस, अगदी हात थांबवून. आणि मी सुरू झालो की नळ सोडतेस. सुरुवातीची काही वर्षं मला वाटायचं, भांडी असतील."

वायर गुंडाळून झाली होती. तरी तो ती हातात घेऊन उभा होता.

"तुला माझा आवाज आवडत नाही," तो म्हणाला. "पहिल्यापासूनच नाही आवडला."